टीबीच्या लॅबमधली नोकरी घेऊ का?

प्रश्न: ताई, मी कळव्याला राहते. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झाली, सध्या वाशीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर सीबीसी आणि शुगर. आता रबाळ्याला टीबीवरच्या एका रिसर्च प्रोजेक्टमध्ये टेक्निशियनची जागा मिळतेय. पगार जरा बरा आहे, पण कॉन्ट्रॅक्ट दोनच वर्षांचं. आई म्हणते जाणूनबुजून टीबीच्या तोंडात कशाला जातेस, घरात आजी आहे, उद्या तुझ्या लग्नाचं बघायचंय. काय करू?

उत्तर: अगं, माझी आईपण हेच म्हणायची. मी टीबीच्या लॅबमधून आले की आंघोळ होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही, माझं ताटसुद्धा वेगळं केलेलं. टीबी हाताने, कपड्याने, ताटवाटीने पसरत नाही, हवेतून पसरतो, हे तिच्या गळी उतरवायला मला वर्ष गेलं.

आता धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या ट्यूबमध्ये ते भरपूर असतात आणि व्होर्टेक्सच्या मशीनवर ट्यूब जोरात हलवली, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरताना ट्यूब फुटली, की डोळ्याला न दिसणारे थेंब उडतात, ते श्वासात जातात. पण तिथे तुला माहीत असतं की समोर टीबी आहे. आज वाशीला एसीच्या बंद खोलीत जो माणूस तुझ्या तोंडासमोर खोकत रक्त देतो त्याला काय आहे ते ना तुला माहीत ना त्याला, आणि तुझ्या तोंडावर साधा मास्क, तोही हनुवटीवर. तेव्हा जॉइन व्हायच्या आधी लॅब बघायला माग. कल्चरच्या खोलीत निगेटिव्ह प्रेशर आहे का, म्हणजे आतली हवा दारातून बाहेर येत नाही ना, ज्या हवा गाळणाऱ्या कपाटात हात घालून काम करायचं त्या सेफ्टी कॅबिनेटवर तपासणीचं स्टिकर लावलेलं असतं त्यावरची तारीख वर्षाच्या आतली आहे का, सेंट्रिफ्यूजच्या बकेटला झाकणं आहेत का, एन ९५ मास्क देताना तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची फिट टेस्ट करतात का. हे विचारल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर सरळ घरी ये.

मला विचारशील तर या कामात घाबरायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीला घाबर. पॅथॉलॉजीत सॅम्पल खराब झालं की आपण पेशंटला फोन करतो, काका उद्या उपाशीपोटी परत या. इथे तसं नसतं. पेशंटचा औषध सुरू व्हायच्या आधीचा बेडका एकदाच मिळतो, गोळ्या चालू झाल्या की तो परत कुठून आणणार? ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात, म्हणून जंतू वाढवायच्या एलजे नावाच्या त्या हिरव्या, अंड्याच्या मीडियमवर आठ आठ आठवडे वाट बघायची, एमजीआयटी पद्धतीच्या लिक्विड कल्चरला ४२ दिवस. आणि थुंकीतले बाकीचे जंतू मारायला सोडियम हायड्रॉक्साइड घालतो ते जरा जास्त वेळ राहिलं तर टीबीचेही मरतात, कमी पडलं तर बाकीचे माजतात.

माझं हे दुसरं झालं. नवीन द्रावण करायचा कंटाळा केला, आदल्या आठवड्याची बाटली, तीपण झाकण सैल राहिलेली, हवा लागून त्याचा जोर गेलेला, तीच वापरली आणि चौथ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर बावीस ट्यूबमधलं मीडियम विरघळून खाली बसलेलं, वास तर विचारूच नको. सर ओरडले नाहीत, फक्त डेव्हिएशनचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत काय चुकलं ते लिहायचा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले बाटलीवरची तारीख लिही. ती तारीख लिहिताना हात थरथरत होता माझा. रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही, एक रेघ मारायची, सही, तारीख, हे सुरुवातीला सरकारी वाटतं पण का ते तेव्हा कळलं.

कॉन्ट्रॅक्टचं मात्र आईचं बरोबर आहे, म्हंजे ती ते बोलली नाही पण बोलायला हवं होतं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये फंड अडकला म्हणून आम्हाला तीन महिने पगार नव्हता, आणि सॅम्पल ठेवायच्या मायनस ८० डिग्रीच्या फ्रीझरचा अलार्म वाजला की रात्री दोनला फोन मलाच. तेव्हा पीएफ आहे का, छातीचा एक्स-रे जॉइनिंगला आणि नंतर दरवर्षी त्यांच्या खर्चाने होतो का, रात्रीच्या अलार्मला कोण जातं, हे लेखी घे. जीसीएलपीचं (रिसर्च लॅबचं काम नियमाने कसं करायचं त्याचं) ट्रेनिंग सर्टिफिकेट देतात का तेही विचार, पुढच्या प्रोजेक्टला तोच कागद आधी बघतात.

आजीसाठी वेगळं काही नको. तुला किंवा घरात कुणालाही दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या, फुकट होतं. लग्नाचं म्हणशील तर जो मुलगा टीबीची लॅब म्हटल्यावर चहा न पिता उठेल त्याला उठू दे.

हो, आणि सॅम्पल सकाळी लवकर येतात, रबाळ्याच्या लोकलसाठी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर सातच्या आत पोचायला जमेल का ते आधी बघ.