जाळे भरलेले असताना बंधने कशासाठी?

प्रश्न : मच्छीमारांच्या जाळ्यात मासळी पूर्वीइतकीच येत असतानाही शास्त्रज्ञ पकड कमी करण्याचा सल्ला देतात. समुद्रातले मासे कोणी मोजले आहेत? आणि पुरावा अपुरा असेल, तर तो पुरेसा होईपर्यंत निर्णय लांबणीवर टाकणे योग्य नव्हे काय?

उत्तर : भरलेले जाळे हा साठा शाबूत असल्याचा पुरावा आहे, असे गृहीत धरण्यातच आपल्या प्रश्नाची मेख आहे. थव्याने राहणारे मासे संख्येने घटले तरी मोजक्या जागी दाटीने राहू शकतात, आणि ध्वनिलहरींनी मासे हुडकणारी सोनार यंत्रे असलेल्या नौका नेमक्या तिथेच पोहोचत असल्यामुळे साठा ओसरत असतानाही तासागणिक पकड टिकून राहते. म्हणून शास्त्रज्ञ स्वतंत्र सर्वेक्षण करतात : आधीच चिठ्ठ्या टाकल्यागत निवडलेल्या ठिकाणी, दरवर्षी त्याच प्रकारचे जाळे तेवढाच वेळ ओढले जाते, मग तिथे मासळी असो वा नसो. रिकामे वर आलेले जाळे हीदेखील नोंदच असते. शिवाय माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे उमटतात, आणि ती मोजून वय काढता येते. पकडीत वयस्क मासे दिसेनासे होणे हा गंभीर इशारा असतो, कारण मोठ्या माद्या कितीतरी अधिक अंडी घालतात.

याचा अर्थ शास्त्रज्ञ चुकत नाहीत, असा मात्र नव्हे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालगतच्या कॉड माशाच्या बाबतीत साठ्याचे अंदाज मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर फार विसंबले होते आणि त्यामुळे ते फुगले. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे १९८०च्या दशकात मासळी घटल्याची तक्रार करत होते, आणि त्यांचेच म्हणणे खरे होते. (मच्छीमारांचा अनुभव विरुद्ध विज्ञान हा वाद म्हणूनच मला फारसा पटत नाही; नीट नोंदवलेला अनुभव हाही पुरावाच असतो.) चूक उमगल्यावर शास्त्रज्ञांनी १९८९ सालासाठी पकडीची मर्यादा सुमारे १,२५,००० टनांपर्यंत खाली आणण्याचा सल्ला दिला, सरकारने रोजगाराचा विचार करून ती २,३५,००० टन ठेवली. जुलै १९९२मध्ये मासेमारीच थांबवावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या १९९५च्या मत्स्यसाठा करारात आहे : माहिती अपुरी आहे एवढ्या कारणावरून संवर्धनाचे उपाय टाळता येत नाहीत, उलट माहिती जितकी तोकडी, तितकी सावधगिरी अधिक बाळगावी. व्यवहारात याचा उत्तम मार्ग म्हणजे साठा अमुक पातळीखाली गेला की पकड किती घटवायची, हे संकट येण्यापूर्वीच ठरवून ठेवणे. तसे केले नाही, तर दरवर्षी आकड्यांवर घासाघीस होते आणि ती बहुधा आशावादी आकड्यावर येऊन थांबते.

न्यूफाउंडलंडची बंदी काही वर्षांत उठेल, अशी तेव्हा अपेक्षा होती. ती उठली २०२४ साली, १८,००० टनांच्या मर्यादेसह. १९६८मध्ये त्याच साठ्यातून सुमारे ८ लाख टन मासळी काढली गेली होती.