तीन भावंडं, तीन शाखा, संख्याशास्त्र मात्र सगळ्यांना. ते एकच असतं का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ कृषी पदवीला, बहीण नर्सिंगला आणि तुम्ही समाजशास्त्रात एम.ए. करताय, तिघांच्याही अभ्यासक्रमात संभाव्यता आणि संख्याशास्त्र आहे. तर हा विषय एकच आहे का, आणि सोलापुरात तिघांनी मिळून एक क्लास लावला तर चालेल का?

गणित एकच आहे. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढायची रीत शेतात वेगळी आणि दवाखान्यात वेगळी असं काही नसतं. वेगळं असतं ते आकडा कुठून आणि कसा आला हे. मी इथे वेगवेगळ्या शाखांच्या मुलांना हा विषय शिकवतो. सूत्रात अडकणारी मुलं थोडी. आकडा कसा गोळा झाला हे न विचारता सूत्र लावणारीच जास्त.

आपल्या गावचा धंदाच घ्या. समजा एका कारखान्यात १०० यंत्रमाग आहेत आणि एका पाळीत मागामागे सरासरी दोनदा ताण्याचा धागा तुटतो. अशा क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील याचा अंदाज देणारं प्वासाँचं सूत्र लावलं तर साधारण १३-१४ मागांवर एकदाही तुटणार नाही आणि पाचेक मागांवर पाच किंवा त्याहून जास्त वेळा तुटेल. माग सगळे सारखे, सूत सारखं, विणकरही सारखेच हुशार, तरीसुद्धा. आता मुकादमानं त्या पाच मागांवरच्या माणसांना झापलं, तर तो नशिबाला झापतोय. दुसऱ्या दिवशी त्यातल्या बहुतेकांची तूट आपोआप कमी दिसेल आणि मुकादमाला वाटेल, झापल्याचा गुण आला!

हेच सूत्र १८९८ साली बोर्टकीविझ या संख्याशास्त्रज्ञानं प्रशियाच्या सैन्याला लावलं होतं. घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या २०० नोंदी त्यानं घेतल्या, एकेक नोंद एका तुकडीच्या एका वर्षाची. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता. सूत्र सांगत होतं १०८.७. लाथा आणि धागे यांचा संबंध काय? दोन्ही घटना क्वचित घडतात आणि एक घडली म्हणून दुसरी घडत नाही, एवढाच.

पण ही दुसरी अट पाळली जाते का, हे सूत्र तुम्हाला सांगत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठक्क होते, सुती धागा ठिसूळ होतो आणि सगळ्याच मागांवर एकदम तूट वाढते. बीममध्ये (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळात) खराब सूत भरलं गेलं की एकाच मागावर तूटच तूट. तिथे प्वासाँ बाजूला ठेवायचा आणि जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याला, विचारायचं.

कापडावरून टिपेटची आठवण झालीच. हा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ मँचेस्टरला सूतगिरण्यांच्या संशोधन संस्थेत काम करायचा. धागा त्याच्या सगळ्यात कमजोर जागी तुटतो, म्हणजे सरासरी ताकद कळून भागत नाही, सर्वांत लहान आकडा कसा वागतो ते कळायला हवं. यातूनच पुढे १९२८ साली फिशर आणि टिपेट यांनी टोकाच्या किमतींचं गणित मांडलं. तेच नंतर पुरासाठी वापरात आलं, कारण बंधारा बांधणाऱ्यालाही नदीच्या सरासरी पाण्याशी कर्तव्य नसतं, सर्वांत मोठ्या पाण्याशी असतं. भीमेबद्दल कुणी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणालं, तर त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षं सुट्टी, असं नाही. पंढरपुरात नदीकाठी ३० वर्षं राहणाऱ्याला तो निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. १ मधून ०.९९ चा तिसावा घात वजा करा, येईल.

टिपेटची दुसरी युक्ती तुमच्या बहिणीला उपयोगी पडेल. माग किती वेळ बंद राहतात हे मोजायला दिवसभर घड्याळ घेऊन बसायची गरज नाही. चिठ्ठ्या काढून वेळा ठरवायच्या, त्या क्षणी खात्यात जाऊन बंद माग मोजायचे. बंद दिसलेल्यांचं प्रमाण म्हणजेच बंद राहण्याच्या वेळेचा अंदाज. वॉर्डात नर्सचा किती वेळ रुग्णाजवळ जातो आणि किती रजिस्टर भरण्यात, हे याच पद्धतीनं मोजता येतं. फक्त वेळा खरोखर चिठ्ठीनं काढा. ‘जमेल तेव्हा बघू’ म्हटलं की माणूस नेमका निवांत वेळी बघायला जातो.

बहिणीसाठी आणखी एक, आणि हे वहीत करून बघाच. एक तपासणी ९० टक्के अचूक आहे, म्हणजे आजारी असो की निरोगी, दहांपैकी नऊ जणांना बरोबर ओळखते. वस्तीत शिबिर घेतलं, १,००० माणसं आली, त्यांत १० खरी आजारी. त्यांतली ९ सापडली. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांचा रिपोर्टही ‘पॉझिटिव्ह’ आला. म्हणजे घाबरलेले १०८, त्यांत खरे आजारी ९. बारांत एक! तीच तपासणी, जिथे निम्मे लोक खरोखर आजारी आहेत अशा वॉर्डात केली तर पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊ खरे निघतात. म्हणून ‘ही तपासणी किती खात्रीची?’ याला एकच उत्तर नसतं.

भावासाठी संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. पीक कापणी प्रयोग (शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढणं) यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी निवड करून, व्हावेत यासाठी त्यांनी मोठं काम केलं. कापणीचा तुकडा केवढा असावा यावर त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा चांगलाच मतभेद होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं, कारण सीमेवरची ताटं कापणारा हटकून आत ओढतो. गणिताला तुकडा लहान काय आणि मोठा काय! फरक पडतो तो विळा धरलेल्या हातामुळे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचंही बघा. पावसाच्या शिंतोड्यांनी तो शेजारच्या झाडांवर जातो, म्हणजे रोगट झाडं घोळक्यानं सापडतात. बांधावरच्या पाच झाडांवरून बागेची टक्केवारी काढायची नाही, हे भावाला बजावून सांगा.

आता तुमचं. समाजशास्त्रात नमुना मोठा घेतला की झालं, असा समज फार पसरलेला आहे. १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज बांधायला अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकानं लोकांची मतं मागवली. त्यांच्याकडे २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या आणि तरीही त्यांनी चुकीचा उमेदवार विजयी ठरवला. यादी मुख्यतः फोन आणि मोटार असलेल्यांची, त्यातही ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांची. तुम्ही रविवारी संध्याकाळी नवी पेठेत उभं राहून ५०० फॉर्म भरून घेतले, तर ते नवी पेठेत खरेदीला आलेल्यांचं मत. पूर्व भागात मराठीतूनच प्रश्न विचारत फिरलात, तर ज्यांना तेलुगूतच मोकळेपणानं बोलता येतं अशा आजी गळाल्या, आणि विडी वळणाऱ्या बऱ्याच बायका त्यांतल्याच. अशा वेळी ५०० चे ५,००० केले तरी चूक तेवढीच राहते, उलट जास्त खात्रीनं केली जाते.

क्लासचं म्हणाल तर सुरुवातीला एकत्र लावा, पैसेही वाचतील. मध्य (सरासरी), प्रचरण (आकड्यांची पसरण), संभाव्यतेचे नियम, द्विपद, प्वासाँ, प्रसामान्य वितरण आणि विश्वास अंतराल (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा त्या मर्यादा) इतकं तिघांना सारखंच लागतं. त्यानंतर भावानं प्रयोगरचनेकडे वळावं, बहिणीनं दर आणि जोखमीच्या गुणोत्तरांकडे, तुम्ही नमुना निवड आणि प्रश्नावलीकडे. आणि शिकवणाऱ्यानं पहिल्याच तासाला संगणकावर टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का ते तपासणारी) लावून दाखवली, पण आकडे कुणी आणि कसे गोळा केले ते सांगितलं नाही, तर फी भरण्याआधी दुसरा क्लास बघा.