डुक्कर फियाटचा विमा साठ हजारांचा की आठ लाखांचा?

दादरला हिंदमाताच्या जवळ राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे. वय ४६, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका, दोन मुलं शाळेत. वडिलांची १९५७ ची फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट, आता त्यांच्याकडे आहे. वडील गेल्यानंतर त्यांनी साडेसहा लाख खर्चून गाडी नव्यासारखी करून घेतली. एक हौशी गिऱ्हाईक आठ लाख द्यायला तयार आहे, पण विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. गाडी इमारतीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी असते. काम पूर्ण झालं त्याच पावसाळ्यात पाणी सीटपर्यंत चढलं आणि पुन्हा १ लाख ४० हजारांचं बिल आलं. तेव्हा फक्त थर्ड पार्टी विमा होता, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, त्यामुळे सगळा खर्च खिशातून गेला.

आता त्यांच्यासमोर तीन आकडे आहेत. फक्त थर्ड पार्टी, जीएसटीसह सुमारे ४ हजार. संपूर्ण विमा, पण गाडीची किंमत ६० हजार धरून, सुमारे साडेसहा हजार. आणि गाडीची किंमत ८ लाख धरून संपूर्ण विमा, सुमारे ३७ हजार. एजंटचा आग्रह मधल्या पर्यायाचा आहे: "अडीच हजारच जास्त आहेत साहेब, डोक्याला ताप नको." लग्नाला, शूटिंगला गाडी भाड्याने देऊन प्रीमियम वसूल करावा, असाही त्यांचा विचार आहे. चौघांना मिळून मेडिक्लेम पाच लाखांचाच आहे, म्हणून पत्नीचं म्हणणं, हे पैसे आधी मेडिक्लेममध्ये घाला.

तुमच्या एजंटला स्वस्त वाटणारा मधला पर्याय या तिघांत सगळ्यात वाईट आहे. थर्ड पार्टीवर राहणं त्यापेक्षा बरं. कसं ते बघा.

विम्यात धरलेल्या किमतीला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा मान्य खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार. तुमचं मागचं बिल घ्या. समजा त्यात ८० हजार मजुरी होती आणि ६० हजारांचे पार्ट. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे जुनेपणापोटी निम्मी किंमत कापली जाते. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवरही ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. म्हणजे ढोबळमानाने १ लाख १० हजार मान्य होतात, त्यातून १,००० रुपयांची सक्तीची वजावट. पण हा आकडा ४५ हजारांच्या कितीतरी पुढे आहे. कंपनी म्हणणार, गाडी टोटल लॉस, हे घ्या ६० हजार आणि गाडी आमच्या ताब्यात द्या. गाडी ठेवायची असेल तर भंगाराची किंमत त्या साठ हजारांतून वजा होईल. ज्या गाडीला आठ लाखांचं गिऱ्हाईक उभं आहे, तिच्या बाबतीत सर्व्हेअरशी, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाशी, ही घासाघीस करायची वेळ तुमच्यावर येईल. आणि त्यासाठी प्रीमियम तुम्हीच भरलेला असेल.

मग साठ हजार हा आकडा आला कुठून? एजंटच्या स्क्रीनवरून. नव्या गाडीच्या आयडीव्हीला तक्ता असतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, असं करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तक्ता तिथे संपतो. पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची, असा नियम आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली, पुढची दारं उलटी उघडणारी गाडी बहुतेक पोर्टलांच्या यादीतच नसते, म्हणून एजंट जवळचं काहीतरी मॉडेल निवडतो आणि पडेल तो आकडा छापतो. त्यामुळे हे काम ऑनलाइन करू नका. विमा कंपनीच्या शाखेत जा, परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या, चारही बाजूंचे, इंजिनाचे आणि चासी नंबरचे फोटो द्या, दुरुस्तीची बिलं जोडा. ठरलेली किंमत पॉलिसीच्या शेड्युलमध्ये छापून आली पाहिजे. एकदा ती छापली की टोटल लॉस किंवा चोरीच्या वेळी वर्षभर तीच बाजारभाव मानली जाते, तिच्यावर पुन्हा घसारा लावत नाहीत. एजंट फोनवर काय बोलला याला दाव्याच्या वेळी कोणी विचारत नाही.

आता आठ लाखांचा पर्याय. तो चुकीचा नाही, पण तुमच्यासाठी महाग आहे. तुमच्या कोटेशनमध्ये गाडीच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्हीच्या साडेतीन टक्के, म्हणजे २८ हजार आहे. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि वर १८ टक्के जीएसटी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो कुठेही गेलात तरी १००० ते १५०० सीसीला तेवढाच. घासाघीस होते ती साडेतीन टक्क्यांवर आणि आयडीव्हीवर.

मी तुमच्या जागी असतो तर ४ लाखांचा आयडीव्ही मागितला असता. घराच्या किंवा दुकानाच्या विम्यात मालमत्ता कमी किमतीला विमित केली तर दाव्यालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. मोटार विम्यात अंशतः नुकसानीला तशी कात्री नाही. चार लाखांच्या पॉलिसीत दुरुस्तीचा दावा आठ लाखांच्या पॉलिसीइतकाच मिळतो. टोटल लॉसची रेषा मात्र ३ लाखांवर जाते, आणि हिंदमाताच्या पाण्याने एका वेळी तीन लाखांचं नुकसान होण्याची शक्यता तुमच्या मागच्या अनुभवावरून कमी दिसते. हप्ता साधारण साडेवीस हजारांवर येतो. गाडी चोरीला गेली किंवा जळून गेली तर चार लाखच मिळतील, हे पटत असेल तरच हे करा. तुम्हाला ती विकायचीच नाही, त्यामुळे पूर्ण बाजारभावासाठी दरवर्षी १६ हजार जास्त मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. विकत घेऊन संग्रह करणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं.

थर्ड पार्टीवर राहून दरवर्षी १६-१७ हजार बाजूला टाकावेत, असाही एक हिशेब आहे. गाडी मुलुंडला टेकाडावरच्या सोसायटीत असती तर मी तोच सांगितला असता. हिंदमाताला नाही. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यापासून तिथलं पाणी लवकर ओसरतं हे खरं, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तसा दिवस तुमचा निधी जमण्याआधी उगवला तर?

दाव्याच्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. पाणी शिरलं तर गाडी चालू करून बघू नका, टोइंग करून गॅरेजला न्या. पाणी भरलेलं इंजिन फिरवल्यामुळे झालेलं नुकसान कंपनी पुरात धरत नाही. आणि गॅरेजवाल्याकडून मजुरी आणि सामान यांची बिलं वेगवेगळी घ्या. जुन्या फियाटला पत्र्याचं ठोकठोकीचं कामच जास्त, आणि मजुरी पूर्ण मिळते. रंगाचं एकत्र बिल दिलं तर त्यातला २५ टक्के भाग सामान धरून त्यावर घसारा लावतात. सगळं एका ओळीत 'दुरुस्ती खर्च' म्हणून लिहिलंत तर सर्व्हेअर आपल्या सोयीने वाटणी करेल.

भाड्याचं मात्र डोक्यातून काढून टाका. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'भाड्याने वापर' स्पष्टपणे वगळलेला असतो. शूटिंगवाल्यांनी दिवसाचे पंधरा हजार दिले आणि फिल्मसिटीच्या वाटेवर कोणी ठोकलं, तर गाडीचा दावा गेलाच. जखमी माणसाला कंपनी आधी पैसे देईल आणि नंतर तुमच्याकडून वसूल करेल, हा धोका त्याहून मोठा. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणं हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे, तो वेगळाच. भाचीच्या लग्नात वऱ्हाड मिरवायला फुकट दिलीत तर हरकत नाही.

तुम्ही व्हिंटेज नोंदणीचंही विचारलं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीपासून नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. थर्ड पार्टीचा हप्ता निम्मा होतो, म्हणजे जीएसटी धरून वर्षाला २ हजार वाचतात. त्या बदल्यात गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच. तुम्ही रविवारी सकाळी मुलांना घेऊन शिवाजी पार्कला चक्कर मारता. दोन हजारांसाठी ती सोडू नका. विम्याच्या जुन्या दरपत्रकातली व्हिंटेज सवलत गृहीत धरू नका, ती १९४० पर्यंतच्या गाड्यांची आहे. तुमची सतरा वर्षांनी धाकटी.

या सगळ्याच्या आधी कागद. पत्रात ओझरता उल्लेख आहे की आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, अजून वडिलांच्या नावावर आहे, आणि मिस्त्रीने मूळचं इंजिन काढून पद्मिनीचं बसवलंय. सीसी तीच, १०८९, पण नंबर वेगळा. सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. तो जुळला नाही आणि गाडीचा कागदोपत्री मालक हयात नाही, तर चार लाख काय आणि आठ लाख काय, दावा अडकणारच. ताडदेव आरटीओत वारस म्हणून नाव लावून घ्या, नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या, आणि आरसीची मुदत बघा. तात्पुरत्या नोंदणीची मुदत उलटलेल्या गाड्यांचे दावे नाकारणाऱ्या विमा कंपन्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये निकाल दिला आहे. नोंदणीच्या बाबतीत कोर्ट सैल सोडत नाही, एवढं त्यातून घ्या. हे होईपर्यंत मोठ्या आयडीव्हीचा हप्ता भरू नका, थर्ड पार्टी तेवढी चालू ठेवा.

राहिला तुमच्या पत्नीचा मुद्दा. चौघांना मिळून पाच लाखांचा मेडिक्लेम, तोही मुंबईत आणि चाळिशी ओलांडल्यावर, हा आकडा मला गाडीच्या साठ हजारांइतकाच खटकला. पाच लाखांच्या वर चालू होणारा सुपर टॉप-अप घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. आठऐवजी चार लाखांचा आयडीव्ही घेतल्याने जे साडेसोळा हजार वाचतात, त्यातून टॉप-अपचा बराचसा हप्ता निघावा. या महिन्यात दोन्हींपैकी एकाचेच पैसे हाताशी असतील, तर आधी टॉप-अप घ्या. फियाटचे कागद होईपर्यंत तसाही वेळ आहे, फक्त नवी पॉलिसी जूनच्या आधी हातात पडेल असं बघा.