सगळं घेऊन झालं, आता पुढे काय हवंसं वाटू दे?

प्रश्न : नमस्कार. मी फोंड्याला असतो, नोकरी सांभाळून गिटार वाजवतो. चवथीत भावगीतांचे कार्यक्रम, जत्रेला गावातला ऑर्केस्ट्रा आणि शनिवारी कोलव्याला एका रेस्टॉरंटमधे आम्ही तिघं. यंदा जुनी गिटार आणि छोटा प्रॅक्टिस अँप विकून टाकला आणि मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅट, बॉस कटाना ५० अँप, आवाज खरखरीत करणारं एक ओव्हरड्राइव्ह पेडल, प्रतिध्वनी देणारं एक डिले पेडल आणि ट्यूनर असा सगळा सेटअप एकदम घेतला. आवाज मस्त येतो, तक्रार काहीच नाही. पण गंमत अशी की तक्रार नाही तरी रोज रात्री जेवण झालं की मोबाईलवर गिटारीच बघत बसतो. आता पुढची वस्तू कुठली? गिब्सनची लेस पॉल, ट्यूब अँप, की मोठा मॉडेलर, म्हणजे अनेक अँप-पेडलांचे आवाज एकाच डब्यातून देणारं यंत्र? बायको म्हणते आता पुरे. तुम्ही काय म्हणता?
– फोंड्याचा एक गिटारवाला

उत्तर : बाब, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आवाजाबद्दल सगळं लिहिलंय, पण वाजवताना कुठे अडतं ते एका शब्दानेही नाही. मोबाईल बघताना जे हवंसं वाटतं ते स्टेजवर हवं असतंच असं नाही, उलट बहुतेक वेळा नसतंच. इंग्रजीत या रोगाला गॅस म्हणतात, गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम, आणि आपल्याकडे त्यावर अजून तरी काढा निघालेला नाही. सेटअप बदलल्याबदल्या तो जास्त चढतो, कारण आधी महिनाभर शोधाशोध करायची सवय लागलेली असते आणि वस्तू आली तरी ती सवय जात नाही. म्हणून मी आधी तुमच्या शनिवारकडे बघतो, दुकानाकडे नंतर.

समजा, कोलव्याला तिसऱ्या गाण्यात तुमची तार तुटली. तुम्ही काय करणार? स्ट्रॅटचा ब्रिज स्प्रिंगवर तरंगता ठेवलेला असेल तर एक तार गेली की पुढची ओढ कमी होते, मागच्या स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा सुरात वर चढतात. म्हणजे पाच तारांवर कसंबसं गाणं संपवू म्हटलं तरी जमत नाही, गायक एका पट्टीत आणि तुम्ही भलत्याच. तार बदलून परत सुरात आणेपर्यंत टेबलावरच्या लोकांचं जेवण संपलेलं असतं. तर माझ्या मते तुमची पुढची वस्तू म्हणजे दुसरी गिटार, आणि ती लेस पॉलच्या किमतीची नको.

पण नुसती स्पेअर म्हणून दुसरी स्ट्रॅट घेऊ नका. हंबकरवाली, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपची घ्या, ब्रिज पक्का असलेली, सेकंडहँड चालेल. कारण सांगतो. रेस्टॉरंटमधे डिमरचे दिवे, माळा, फ्रीज, सगळं एकाच लाईनवर, आणि तुमच्या स्ट्रॅटचे तारांचा आवाज उचलणारे सिंगल कॉइल पिकअप त्यातला घोंघाट अगदी इमानाने उचलतात. गाणं थांबलं की ती घूं ऐकू येते ना, तीच. पिकअपचा स्विच दुसऱ्या नाहीतर चौथ्या जागी ठेवला की बहुतेक नव्या स्ट्रॅटमधे ती घूं कमी होते, कारण मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो आणि दोन्ही कॉइलमधला घोंघाट एकमेकाला मारतो. हंबकर म्हणजे हीच युक्ती एकाच पिकअपमधे. गिब्सनसाठी सेथ लव्हरने ती १९५५ साली बसवली. जत्रेच्या मांडवात जनरेटरवर वाजवताना हंबकरवाली काढा, भावगीताला स्ट्रॅट. दोघींचं काम वेगळं राहील आणि एकीला काही झालं तर दुसरी आहेच.

एक गोष्ट मात्र आधी हाताला सांगून ठेवा. स्ट्रॅटची तार साडेपंचवीस इंचाची, लेस पॉल घराण्यातली साधारण पावणेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतंय असं वाटतं, पण त्याच जाडीच्या तारा तिथे सैल लागतात आणि तार ओढून बेंड करायला गेलं की सूर पलीकडे जातो. आठवडाभर घरी दोन्ही आळीपाळीने वाजवा आणि मगच स्टेजवर न्या.

ट्यूब अँप? नको, म्हणजे तुम्हाला नको. ट्यूबचा आवाज वर चढवला की ती गाते, आणि कोलव्याचा मालक तो चढवू देणार नाही, रात्री दहानंतर उघड्यावर तर कायदाच आडवा येतो. शंभर वॉटचा अँप पन्नासच्या दुप्पट मोठा वाजतो असं पुष्कळ जणांना वाटतं, प्रत्यक्षात फरक फक्त तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तुमच्या कटानात अर्ध्या वॉटची सेटिंग आहे, घरी रात्री ती लावा, बायकोचं मतही थोडं बदलेल. वर ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, आणि पावसात आमच्याकडे वीज कशी येते-जाते ते तुम्हाला मी काय सांगायचं. मोठा मॉडेलरही आत्ता नको, तुम्ही अजून कटानातले अर्धे आवाज उघडून बघितले नसणार, खरं ना?

त्यापेक्षा एक डीआय बॉक्स घ्या, अँप आणि मिक्सर यांच्यामधे लावायची छोटी डबी. दिसायला इस्त्रीच्या प्लगपेक्षा कंटाळवाणा, त्याचा फोटो कुणी मित्राला पाठवत नाही. पण चवथीच्या कार्यक्रमात साउंडवाला म्हणतो लाईन द्या, तेव्हा कटानाच्या मागच्या हेडफोन-रेकॉर्डिंगच्या जॅकमधून डीआयमधे आणि तिथून मिक्सरला, आणि अर्थिंगची गुरगुर आली तर त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. साउंडवाला खूश, तबलजीही खूश. पेडल एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावली असतील तर डिलेमुळे बारीक शिट्टी येते का ते ऐका. येत असेल तर आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या, प्रत्येक पेडलला वेगळी वाट. डिलेला ओव्हरड्राइव्हपेक्षा जास्त मिलीअँप लागतात, घेताना पेडलच्या मागचा आकडा वाचा.

आणि नवीन काही घ्यायच्या आधी आहे ती गिटार नीट सेट करून घ्या, हे तर मी सगळ्यांनाच सांगतो आणि कुणी ऐकत नाही. पावसाळ्यात आपल्या हवेत गिटारीची मान हलते, सप्टेंबरात ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वेगळी आणि जानेवारीत वेगळी. घरीच बघा : जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधं व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट दिसली की ठीक. फट अजिबात नसेल किंवा दोन-तीन कार्डं जात असतील तर ट्रस रॉडचं, म्हणजे मानेतल्या सळईचं काम आहे, ते येत नसेल तर जाणकाराकडे द्या, येत असेल तर एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. मग तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवा. वरून चकचकीत दिसणारी तार खालून फ्रेटपाशी खरखरीत आणि काळपट झालेली असते, फ्रेटने तिथे खाच पाडलेली असते. समुद्राकाठी शनिवारभर घामाच्या हाताने वाजवून गिटार तशीच केसमधे टाकली की आठवड्यात हे होतं. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्यात चिमटीत धरून पुसा. कोटिंगवाल्या तारा महाग पडतात, पण आपल्या हवेत त्या पैसे वसूल करतात असं माझं मत, काही जणांना त्यांचा स्पर्श निसरडा वाटतो तो भाग वेगळा.

बायकोच्या म्हणण्याबद्दल : अमेरिकन गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच मार्टिन गिटार वाजवत आलाय, ती वाजवून वाजवून झिजून तिला मोठं भोक पडलंय. हे उदाहरण घरी सांगू नका, तुमच्यावरच उलटेल. रात्री गिटारी बघायच्या तर बघा हो, त्याला पैसे पडत नाहीत. फक्त जे हवंसं वाटलं ते वहीत तारखेसकट लिहा आणि समोर लिहा की कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी ते लागलं असतं. गाण्याचं नाव सुचलं नाही तर ती ओळ तशीच राहू द्या, चवथ झाल्यावर परत वाचा.

प्रश्न : लॅमिनेट (प्लायवूडसारख्या थरांची) गिटार देऊन सॉलिड टॉपची, म्हणजे वरचा भाग एकसंध लाकडाचा असलेली अकूस्टिक घेतली. भजनालाही वाजवते, कॉलेजातही. आता पिकअप बसवू की चांगला माईक घेऊ? जून लागल्यापासून तारा उंच वाटतायत, हा माझा भास का?
– म्हापशाहून एक विद्यार्थिनी

उत्तर : भास नाही. सॉलिड लाकूड ओल पितं, टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. लॅमिनेटला हे कमी होतं, म्हणून जुन्या गिटारीत कळलं नसेल. तेव्हा आधी पिकअपही नको आणि माईकही नको, हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर घे आणि केसमधे ठेव. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आवडते, आपल्या पावसात खोलीतली हवा त्याच्या कितीतरी वर असते. केसमधे सिलिका जेलच्या पुड्या ठेव, त्या ओल पिऊन भरल्या की तापवून परत वापरता येतात, मात्र पाकिटावर तसं लिहिलंय का ते बघ. गिटार भिंतीला टांगू नकोस, बाहेरची भिंत असेल तर मुळीच नको. आणि आत्ता लगेच सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून घेऊ नकोस हं, डिसेंबरात हवा सुकली की टॉप खाली बसेल आणि मग तारा फ्रेटवर खडखडतील.

पिकअपचं विचारतेस तर भजनाला टाळ, पखवाज, पेटी शेजारी असते, तिथे माईकमधे सगळंच शिरणार. साउंडहोलमधे बसणारा मॅग्नेटिक पिकअप घे, भोक पाडावं लागत नाही आणि फीडबॅकही कमी. सॅडलखाली बसणारा पिएझो पिकअप कॉर्डला छान, पण जोरात मारलं की कडकड करतो. कॉलेजच्या मोठ्या स्टेजवर शिट्टी यायला लागली तर साउंडहोलला रबरी झाकण.

प्रश्न : केबलमधे पाय अडकतो, वायरलेस घेऊ का?
– वास्कोचा एक वाचक

उत्तर : स्टेजवर फिरत असाल तर घ्या. स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच, म्हणून हॉल भरल्यावर आवाज तुटतोय का ते आधी बघा आणि केबल बॅगेत राहूच दे. खुर्चीवर बसून वाजवत असाल तर सहा मीटरची चांगली केबल घ्या, गिटारीच्या पट्ट्यामागून ओढून मग जॅकमधे लावा. पाय पडला तरी निसटणार नाही.