दुखण्याने जाग येते, पण तासभर जागं कोण ठेवतं?

"आजारच जन्माचा आहे, मग झोप तरी कुठून येणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याचा आजार कोणता हे आता जवळजवळ गौण वाटतं. संधिवात असो, दमा असो, मूत्रपिंडाचा विकार असो की कर्करोगाच्या उपचारांनंतर राहिलेला थकवा, तक्रार एकच. आजार आहे तोवर झोप नाही, आणि आजार तर जाणार नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. ते बिनतोड का नाही, हे एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकी मोजक्या संवादांत बसवल्या आहेत.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, गणिताच्या शिक्षिका. बरीच वर्षं रुमॅटॉइड संधिवात. औषधं नियमित, रक्ताचे रिपोर्ट बऱ्यापैकी आटोक्यात, पण झोपेचा पार बोजवारा.

"रात्री आडव्या किती वाजता होता?"

"नऊला. लवकर पडलं की तेवढीच जास्त मिळेल ना."

"आणि उठता?"

"साडेसहाला. सकाळी बोटं आखडलेली असतात, अंथरुणातच बरं वाटतं."

"मध्ये?"

"तीनला जाग येते. खांदा, मनगट ठणकत असतं. घड्याळ बघते. आत्ता लागली तर साडेतीन तास मिळतील. थोड्या वेळाने परत बघते. आता लागली तर तीन तास. ही वजाबाकी पहाटेपर्यंत चालते, मॅडम."

मनाकडे वळण्याआधी शरीराचे दरवाजे तपासावे लागतात, आणि ते काम डॉक्टरांचं आहे. घोरताना श्वास अडतो का? संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही का? तसं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघायला हवा. लघवीला वारंवार उठावं लागतं का? मधुमेह असेल तर पहाटे घामाघूम होऊन जाग येते का? तसं होत असल्यास रात्री साखर उतरत असण्याची शक्यता असते. दम्याच्या माणसाला रात्री खोकल्याने उठावं लागत असेल, तर तो झोपेचा प्रश्न नाही, दमा आटोक्यात नसल्याची खूण आहे. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर तातडीने डॉक्टरांकडे जावं.

दुसरी गोष्ट औषधांच्या वेळा. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दुपारनंतर घेतलं की अनेकांची झोप उडते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर फेऱ्या होतात. उलट, वेदनाशामकाचा असर पहाटे तीनला संपत असेल तर त्याची वेळ किंवा प्रकार बदलता येतो का, हे विचारण्यासारखं असतं. मात्र विचारायचं, स्वतःच्या मनाने बदलायचं नाही. या बाईंची स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनी रात्रीवरून सकाळवर आणली आणि झोप लागायला थोडी मदत झाली. तीनची जाग तशीच राहिली.

मग त्यांना दोन आठवड्यांची नोंदवही दिली. रात्री घड्याळाकडे बघायचं नाही, सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: किती वाजता पडलात, झोप लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलात, दिवसा किती झोपलात, दुखणं शून्य ते दहात किती. अशा वह्या सगळेच देतात. मी त्यात दोन रकाने वाढवते आणि त्यांना वेगळं ठेवते. पहिला, जाग कशाने आली. दुसरा, परत झोप लागेपर्यंत मनात काय चालू होतं.

वही भरून आली. पहिल्या रकान्यात जवळजवळ रोज 'खांदा' नाहीतर 'मनगट'. दुसऱ्यात ठणका क्वचितच. तिथे होतं: 'उद्या वर्गात फळ्यावर लिहिता येईल का', 'झोप नाही म्हणजे सूज वाढणार', 'असंच चाललं तर काय होईल'.

"खांद्याने जाग आली, बरोबर. पण खांद्याचा ठणका किती वेळ जोरात असतो?"

"कूस बदलली, हाताखाली उशी घेतली की दहा-पंधरा मिनिटांत कमी होतो."

"आणि तुम्ही जाग्या किती वेळ?"

त्यांनी वहीकडे पाहिलं. "दोन तास."

"मग पुढचा पावणेदोन तास कुणाचा?"

दीर्घ आजारात झोपेचं काम करताना मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची जी मांडणी केली तिचं सार असं की, झोप बिघडण्याचा मुळात कल असणं वेगळं, ती प्रत्यक्ष बिघडायला निमित्त होणं वेगळं आणि ती बिघडलेलीच राहणं वेगळं. आजार बहुतेक वेळा निमित्त असतो. बिघाड टिकवतात ते आपण झोप भरून काढायला केलेले उपाय: लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारी लांब झोपणं, घड्याळ बघणं, आणि झोप लागलीच पाहिजे असा हट्ट. आजार हटवता येत नसेल, पण या गोष्टी हटवता येतात.

बाई अर्ध्याच पटल्या. "ते ठीक आहे, पण माझी भीती खोटी कशी? डॉक्टरच म्हणाले, या आजारात झोप फार महत्त्वाची."

भीती पूर्ण खोटी नव्हती, हीच तर अडचण. अपुऱ्या झोपेने वेदना जास्त जाणवतात, हे नीट सिद्ध झालेलं आहे. अशा वेळी 'काही होत नाही हो' म्हणणं म्हणजे पेशंटचा विश्वास घालवणं. मी विवेकनिष्ठ विचारसरणीतून काम करते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी पद्धत उभी केली तिची शिकवण अशी की, माणसाची इच्छा सोडवू नका, तिचा अट्टहास सोडवा. म्हणून वाद घातला नाही. "तुम्ही गणिताच्या बाई. आदल्या रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं, दोन्ही आकडे वहीत आहेत. मांडून बघा."

पुढच्या वेळी त्या खरोखरच आलेखाचा कागद घेऊन आल्या. आडव्या अक्षावर झोपेचे तास, उभ्यावर दुखणं, चौदा दिवसांचे चौदा ठिपके पेन्सिलने काढलेले, शेजारी बारीक अक्षरात तारखा. कागद टेबलावर सरळ केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा जागी गप्प राहणं ही कमावण्याची गोष्ट आहे. घाईने अर्थ सांगितला की तो समोरच्याचा राहत नाही.

"रेघ बसत नाही हो," शेवटी त्या म्हणाल्या. एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही रात्र चार तासांची. दुसऱ्या दिवशी दुखणं चार. आणि इथे साडेसहा तास झोपले, तरी सात." मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "थोडा उतार आहे. कमी झोपेला थोडं जास्त दुखतं. पण मी तर धरून चालले होते की झोप गेली म्हणजे दिवस गेलाच."

चौदा ठिपक्यांवरून शास्त्र मांडता येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण त्या रात्री तीनला जाग आल्यावर त्यांच्याकडे स्वतःच्या हाताने काढलेला पुरावा होता, आणि तो माझ्या कुठल्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा वजनदार होता. भीतीचा आकार खरा किती, हे एकदा मोजलं गेलं की ती रात्री तेवढी मोठी होत नाही.

आता झोपेच्या वेळांना हात घालता येणार होता. हा क्रम मी पाळते. भीती तशीच ठेवून वेळा बदलल्या तर माणूस तिसऱ्या रात्री सोडून देतो.

हिशेब साधा. अंथरुणात साडेनऊ तास, झोप सरासरी साडेपाच. म्हणजे अंथरुणातल्या वेळातला ५८ टक्केच झोपेचा. उठण्याची वेळ आधी ठरवायची, कारण शरीराचं घड्याळ सकाळी लावलं जातं. त्यांनी सहा ठरवली. झोपेच्या सरासरीत एरवी अर्धा तास मिळवतात. आजार लक्षात घेऊन मी एक तास मिळवला. साडेसहा तास, म्हणजे रात्री साडेअकराच्या आधी आडवं व्हायचं नाही.

"झोप तेवढीच राहिली तरी टक्के ८५ होतील," त्या लगेच म्हणाल्या. "ही तर हातचलाखी!"

"जे तीन तास गेले ते जागेपणी पडून राहण्याचे होते. तेवढा वेळ रोज अंथरुण जागं राहायला शिकवत होतं."

दर आठवड्याला हिशेब करायचा. झोपेचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर अंथरुणातला वेळ पंधरा मिनिटं वाढवायचा, ८० च्या खाली गेला तर पंधरा मिनिटं कमी, मध्ये असेल तर तसंच. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. ज्यांना एवढी एकदम कपात झेपणार नाही, त्यांनी आठवड्याला अर्धा तास अशी हळूहळू करावी. थकवा प्रचंड असलेल्यांना मी तेच सुचवते. फिट्स येणारे, बायपोलर विकार असलेले, झोपेत चालणारे, तोल जाऊन पडण्याचा धोका असलेले आणि वाहन किंवा यंत्र चालवणारे यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. पहिले आठ-दहा दिवस दिवसा झापड येते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. न सांगितल्यास लोक तिला आजाराची उचल समजतात.

रात्री वीसेक मिनिटं झोप नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परतायचं, हा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ पासूनचा नियम. संधिवाताच्या माणसाला तो ऐकूनच घाम फुटतो. म्हणून तयारी झोपण्याआधी करायची: पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पांघरूण, मंद दिवा, पाण्याची सैल झाकणाची बाटली, पायांत सहज सरकणारी चप्पल. उठणं शक्यच नसेल तर अंथरुणातच उशा लावून उठून बसायचं, काहीतरी शांत वाचायचं किंवा ऐकायचं आणि झोप आली की मगच आडवं व्हायचं. घड्याळाचं तोंड भिंतीकडे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. गजर हवा असेल तर साधा घ्या.

दिवसाच्या विश्रांतीबद्दल मी कडक नाही. आजारी शरीराला ती लागते. पण विश्रांती खुर्चीत, पाय वर ठेवून. झोप लागणारच असेल तर दुपारी तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावून. खरा चोर वेगळाच असतो. या बाईंचा दुसरा आठवडा फसला तेव्हा वहीत कारण सापडेना. शेवटी त्यांच्या यजमानांनी सांगितलं: रात्री साडेनऊला टीव्हीसमोर पाऊण तास डुलकी. रात्रीसाठी साठवलेली झोपेची भूक तिथेच भागत होती. मग संध्याकाळची कामं त्यांनी उभ्याने करायची ठेवली, वह्या तपासणं सकाळवर नेलं.

यजमानांनाही एक काम दिलं: सकाळी "झोप झाली का?" विचारायचं नाही. ते प्रेमाने विचारत, पण रोजचा दिवस निकालाने सुरू होई.

अडीच-तीन महिन्यांनी त्या सव्वासात तास अंथरुणात असत, त्यातले साडेसहा झोपेचे. तीनची जाग गेली नाही. उशी, कूस, दहा-पंधरा मिनिटं, परत झोप. रात्रीतून थोड्या वेळासाठी जाग येणं निरोगी माणसालाही होतंच. झोपेची गोळी त्या आधीपासून अधूनमधून घेत होत्या, ती डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केली. रोज घेणाऱ्यांनी तर ती एका झटक्यात कधीच बंद करू नये. दोन-तीन रात्री झोप जास्तच उडते आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नको, विचार आणि सवयींवरचा हवा, ही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे.

शेवटच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "आणि सांधे पुन्हा सुजले तर? ताप आला तर?"

तर नियम बाजूला ठेवायचे. आजार उसळलेला असताना शरीर मागेल तेवढं झोपायचं, वही बंद. ताप किंवा सूज उतरायला लागली की पहिल्या सकाळपासून फक्त उठण्याची वेळ पूर्ववत करायची, रात्र कशीही गेली असली तरी. दोन-तीन दिवसांनी दुपारची झोप आखडायची. झोपायला जाण्याची वेळ सगळ्यात शेवटी, आणि तीही आधीच्या सव्वासात तासांच्याच हिशेबाने. त्यांनी हे वहीच्या मागच्या पानावर क्रमांक घालून लिहून घेतलं, आणि खाली डॉक्टरांचा नंबर.