इंडियाना पेसर्स या बास्केटबॉल संघाचा इतिहास थोडक्यात काय आहे?

१९६७ साली अमेरिकेतील एबीए (अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन) या लीगबरोबरच जन्मलेल्या पेसर्सने प्रशिक्षक बॉब लेनर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०, १९७२ आणि १९७३ अशी तीन विजेतेपदे पटकावली. माझ्या मते हाच या संघाचा सुवर्णकाळ होय. १९७६ मध्ये एनबीए या अमेरिकेतील प्रमुख बास्केटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला खरा, परंतु ३२ लाख डॉलरच्या प्रवेशशुल्काने संघ इतका अडचणीत आला की जुलै १९७७ मध्ये लेनर्ड आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी दूरचित्रवाणीवरून १६ तासांहून अधिक काळ चाहत्यांना हंगामी तिकिटे घेण्याचे आवाहन केले. ८,००० तिकिटांचे उद्दिष्ट पूर्ण झाले आणि लोकांनीच आपला संघ इंडियानापोलिसमध्ये राखला. एनबीएचे विजेतेपद मात्र २००० आणि २०२५ अशा दोन्ही अंतिम लढतींत हुकले.