नाशिकमधल्या आमच्या मंडळीत लोक वर्षानुवर्षं उपासनेला येतात, पण विश्वासात वाढत नाहीत. काय करावं?

सलाम. तुमच्या मंडळीत साठेक कुटुंबं आहेत, रविवारी चर्च भरतं. पण शिष्यत्वाच्या बारा आठवड्यांच्या वर्गाला तीस जण बसले, शेवटी नऊ उरले, आणि त्या नऊ जणांतही फारसा फरक दिसला नाही, असं तुम्ही लिहिलंय.

गेलेल्या एकवीस जणांची काळजी तूर्त सोडा. विचार करायचा तो या नऊ जणांचा. ते आले, वह्या भरल्या, वचनं पाठ केली, तरी घरात आणि कामावर आहेत तसेच राहिले. बायबलमध्ये मत्तय २८:२० ला येशूची आज्ञा नुसती ‘शिकवा’ नाही, ‘पाळायला शिकवा’ आहे. पाळायला शिकवायचं तर गेल्या आठवड्यात काय केलंत, हे कुणीतरी नाव घेऊन विचारायला लागतं. तीस जणांना ते विचारता येत नाही, तिघांना येतं.

म्हणून पुढचा वर्ग जाहीर करू नका. दोन गट करा: एक पुरुषांचा, एक बायकांचा. प्रत्येकात तीन जण आणि चौथा चालवणारा. पाळकसाहेबांनी एक घ्यावा, दुसरा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईंनी. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:३-५) वयाने मोठ्या स्त्रियांकडे हेच काम दिलंय, पण आपल्याकडे महिला मंडळ चहापान आणि ‘फन फेअर’मध्येच अडकून पडतं.

माणसं निवडताना आपला हात हमखास चुकतो. गोड गळ्याचा, छान प्रार्थना करणारा, मोठं दान देणारा असे तिघे पटकन डोळ्यांसमोर येतात. २ तीमथ्य २:२ मधली अट वेगळी आहे: विश्वासू आणि दुसऱ्यांना शिकवू शकेल असा. उपासना संपल्यावर न सांगता सतरंज्या गुंडाळतो तो कोण, सांगितलेल्या वेळेला येतो तो कोण, चूक दाखवल्यावर तोंड न फिरवता ऐकून घेतो तो कोण, हे महिनाभर बघा आणि मग विचारा.

भेट आठवड्यातून एकदा, सव्वा तासाची. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, वेगवान, आणि येशू शिष्यांना कसं घडवतो ते त्यात जवळून दिसतं. दर खेपेला १५ ते २० वचनं घेतली की साधारण ४० आठवड्यांत होतं. उरलेले १२ आठवडे मुद्दाम मोकळे ठेवा: नाताळ, लग्नसराई, निफाड-दिंडोरीकडच्या कुटुंबांसाठी द्राक्षाची तोडणी, पेठ-सुरगाण्याकडच्यांसाठी भाताची आवणी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे असतील तर एकच वार-वेळ चालणार नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ, अशा दोन वेळा आधीच ठरवा. नाहीतर तिसऱ्या महिन्यात गट मोडतो आणि दोष ‘लोकांना आस्था नाही’ यावर जातो.

पहिली १५ मिनिटं मागच्या आठवड्याचा हिशोब. मग अर्धा तास वचन: उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा, नंतर बायबल मिटवून एकानं तो आपल्या शब्दांत सांगायचा, राहिलेलं बाकीच्यांनी भरायचं. लिहितावाचता न येणारी आजीही यात मागे राहत नाही. उलट पुष्कळदा तिलाच जास्त आठवतं. चालवणाऱ्यानं एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बोलू नये. पाळकांना हे सगळ्यात जड जातं. त्यानंतर १० मिनिटं प्रत्येकानं या आठवड्यात करायची एकच गोष्ट लिहायची, आणि शेवटची २० प्रार्थनेला.

सगळं अवलंबून आहे ते त्या एका ओळीवर. समजा मार्क ११:२५ चालू आहे, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा. एक जण लिहितो, “भावाशी प्रेमाने वागेन.” ही ओळ परत द्या. कधी? कसं? चार वेळा विचारल्यावर खरी ओळ येते: “शनिवारी रात्री आठच्या आत धाकट्याला फोन करेन, वाटणीचा विषय काढणार नाही, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारेन.” पुढच्या भेटीत प्रश्न एकच, फोन केला का? नसेल केला तर रागावू नका, मध्ये काय आलं ते विचारा. सलग तीन आठवडे झालं नाही तर गोष्ट मोठी घेतली गेलीय. फोनच्या जागी मेसेजवर या. शरमेनं खोटं ‘हो’ येऊ लागलं की गट संपला म्हणून समजा. त्यामुळे चालवणाऱ्यानं आपलं न जमलेलं आधी सांगावं.

आता गट कशानं बिघडतो ते. सगळ्यात जास्त ‘प्रार्थनाविषयानं’. एकीनं नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलेलं दुसऱ्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा’ म्हणून फिरतं. पहिल्याच भेटीत ठरवा की इथलं बाहेर जाणार नाही. अपवाद फक्त जिवाला धोका, मारहाण किंवा लहान मुलावरचा अत्याचार यांचा. तिथे प्रार्थनेबरोबर पोलिस, डॉक्टर, चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हेही लागतं, आणि हे गटानं एकट्यानं पेलायचं नसतं. दुसरं, पैसा. गटात उसनवारी, भिशी, चेन मार्केटिंग अजिबात नको. तिसरं, घाई. सहा महिन्यांत बरा दिसला म्हणून त्याला मंडळीच्या कमिटीत उभं करतात, आणि जागेच्या वादात आणि निवडणुकीत तो पार सुकून जातो.

धीर धरायला नाशिकचंच उदाहरण आहे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई त्याच वाटेवर आल्या त्या सुमारे पाच वर्षांनी, स्वतःशी झगडून, स्वतःला पटल्यावर. आपण बारा आठवड्यांत प्रमाणपत्र देतो.

आठव्या महिन्यापासून भेट चालवण्याची पाळी तिघांवर आळीपाळीनं टाका. दहाव्या महिन्यात एका भेटीला चालवणाऱ्यानं मुद्दाम जाऊ नये. चालवणारा नसताना काय होतं, याचंही उदाहरण नाशिकचंच. इथल्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकत, शाळेबरोबर हातचे धंदेही. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा जवळ एकही मिशनरी नव्हता. त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या शरणपूरच्या विद्यार्थ्यानं. पाळकसाहेब गावाला गेले की तुमच्या मंडळीत दफनविधी कोण चालवू शकेल? नाव सुचत नसेल तर ही पाळी आठव्याऐवजी सहाव्या महिन्यापासूनच टाका.

वर्ष संपल्यावर ज्याची तयारी दिसते त्यानं दोघा-तिघांना घेऊन नवा गट सुरू करावा. ज्याची नाही त्याला आणखी एक वर्ष दुसऱ्या गटात राहू द्या, तेही गाजावाजा न करता. पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, एवढंच कळवा की दोन गट चालू आहेत. सूचनाफलकावर नावं लावू नका, वार्षिक अहवालात आकडा मागितला तर पहिल्या वर्षी सहा असाच लिहा.